गच्चीवरची घारपट्टी : ऐरोलीतल्या प्रकल्प नोंदी

6 ऑक्टोबर 2024

काम काय ते आधी लिहून ठेवते. आमची सोसायटी ऐरोलीत, खाडीच्या अंगाला, सात मजली. गच्चीच्या पश्चिमेला खारफुटी, मग ठाणे खाडी आणि पलीकडे मुलुंड-भांडुपच्या मागची संजय गांधी उद्यानाची डोंगररांग. पूर्वेला ठाणे-बेलापूर रस्ता ओलांडला की पारसिकचा डोंगर. दसऱ्यापासून होळीपर्यंत या पट्ट्यात शिकारी पक्ष्यांची चांगली वर्दळ असते, आणि आमच्या इमारतीत त्या सगळ्यांना एकच नाव आहे, घार. गच्चीवर एक कायमचा फलक लावायचा. त्याच्यासमोर उभं राहून शाळकरी मुलाला आकाशातला पक्षी निदान कुठल्या कुळीतला ते सांगता आलं पाहिजे. एवढाच प्रकल्प. ज्यांना आपापल्या गच्चीवर असं काही करायचं असेल त्यांना उपयोग व्हावा म्हणून खर्च आणि फसलेल्या गोष्टींसकट लिहिते आहे.

कमिटीची परवानगी मिळाली. अटी तीन: भिंतीला भोक पाडायचं नाही, पाण्याच्या टाक्यांच्या बाजूला मुलं जाता कामा नयेत, किल्ली वॉचमनकाकांकडे सही करून घ्यायची. भोक पाडायचं नाही ही अट पुढे महागात पडणार, कारण खाडीवरचा वारा सुतळीने बांधलेलं काही टिकू देत नाही.

13 ऑक्टोबर

आज फक्त उजेड आणि वेळ तपासली. सकाळी सूर्य पारसिकच्या मागून वर येतो, म्हणजे सकाळी खाडीकडे पाहायचं, ऊन पाठीवर. दुपारी तीननंतर उलट. सकाळी पारसिककडे पाहिलं तर सगळेच पक्षी काळे ठिपके दिसतात आणि डोळ्यांवर ताण येतो तो वेगळा. दुर्बिणीतून सूर्याकडे चुकूनही बघायचं नाही, हे मुलांना सगळ्यात आधी सांगितलं.

साडेनऊपर्यंत आकाश जवळजवळ रिकामं असतं. जमीन तापून गरम हवा वर उठायला लागली की पक्षी तिच्यावर बसून पंख न हलवता चढतात. दहा ते बारा सगळ्यात चांगली वेळ. त्यानंतर खाडीवरून पश्चिमेचा वारा सुटतो, तो पारसिकच्या उतारावर आपटून वर चढतो आणि पक्षी त्या कड्यावर सरकतात. भल्या पहाटे उठून गच्चीवर बसायची गरज नाही. शिकारी पक्ष्यांच्या बाबतीत रविवारची निवांत सकाळ चालते.

20 ऑक्टोबर

दुर्बीण. तळमजल्यावरच्या आजोबांनी कधीतरी हौसेने घेतलेली 20 पट मोठं दाखवणारी दुर्बीण आणून दिली. तीतून पक्षी सापडतच नाही. दृश्याचा घेर इतका लहान की उडता पक्षी घेरात येईपर्यंत तो पुढे निघून गेलेला असतो, आणि हाताचा कंप वीस पटींनी वाढतो. मुलांनी थोड्याच वेळात नाद सोडला. माझी 8 बाय 42 ची दुर्बीण त्यांच्या हाती दिली तेव्हा काम सुरू झालं. पहिला आकडा मोठं किती दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. आकाशातल्या पक्ष्यांसाठी 8 पट पुरते. 10 च्या वर हातात धरून जाऊ नये. माझी दोन वर्षांपूर्वी 9,500 रुपयांना घेतलेली आहे. पावसाळ्यात भिंगाला बुरशी धरते म्हणून ती सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या बंद डब्यात ठेवते. पुड्या ओल धरल्या की तव्यावर मंद आचेवर कोरड्या करून घ्यायच्या.

27 ऑक्टोबर

पहिला फलक आला. फ्लेक्सवर छापलेला, चार फूट बाय तीन फूट, 420 रुपये. सोळा पक्ष्यांची रंगीत चित्रं, खाली नावं. दिसायला देखणा, उपयोगाला शून्य.

कारणं दोन. एक म्हणजे फ्लेक्सला चकाकी असते. दहा वाजता ऊन पडलं की अर्धा फलक पांढरा. दुसरं कारण जास्त खोल आहे. चित्रात रंग आहेत, आकाशात रंग नाहीत. तीनशे मीटरवरचा पक्षी उजळ आभाळावर काळा दिसतो. मुलं आधी फलकावरचे रंग शोधत होती, मग अंदाज ठोकत होती. शिवाय प्रत्येक चित्र चौकटीत मावेल एवढं मोठं केलेलं, त्यामुळे शिक्रा आणि समुद्र गरुड एकाच मापाचे. शिक्रा पारव्याएवढा, समुद्र गरुडाचे पसरलेले पंख माणसाच्या उंचीहून लांब. रबाळेच्या एमआयडीसीत ड्रॉइंग ऑफिसमध्ये माझी हयात गेली, आणि प्रमाण न पाळलेलं चित्र मी स्वतःच छापायला दिलं. फ्लेक्स आता टाकीवर झाकण म्हणून वापरात आहे.

3 नोव्हेंबर

दिवाळीची सुट्टी, मुलं मोकळी. नवा फलक काढण्याआधी ठरवलं की आज फक्त घार बघायची. बाकी काहीही आलं तरी दुर्बीण तिकडे वळवायची नाही.

घार आम्हाला रोज दिसते म्हणूनच आम्ही ती कधी पाहिलेली नव्हती. मुलांनी वहीत लिहिलेलं जसंच्या तसं उतरवते. शेपटीला खाच असते, पण शेपूट पसरली की खाच नाहीशी होते. वळताना शेपटी सारखी डावी-उजवी पिळते, दुसरा कुठलाही पक्षी एवढी पिळत नाही. पंख मनगटाशी मोडलेले असतात. तरंगताना पंख सपाट किंवा जरा खाली झुकलेले, वर कधी उचललेले नाहीत. काहींची पिसं झडलेली आहेत, पंखात फट दिसते. काही घारी बाकीच्यांपेक्षा मोठ्या, पंखाखाली फिकट डाग ठळक, डोळ्यामागे काळपट पट्टा.

शेवटचं वाक्य सातवीतल्या मुलीचं आहे आणि ते फार मोलाचं आहे. हिवाळ्यात उत्तरेकडून काळ्या कानाची घार येते, ती आपल्या गावठी घारीपेक्षा अंगाने मोठी. म्हणजे घार बघता बघता तिला घारीतली पाहुणी सापडली.

इथून प्रकल्पाची दिशा बदलली. फलक सोळा पक्ष्यांचा नको. तो घारीचा हवा, आणि बाकीचे पक्षी घारीपेक्षा काय वेगळे ते सांगणारा हवा. घारीहून मोठा की लहान, शेपूट खाचेची की गोल की सरळ, पंख झुकलेले की उचललेले. एवढे तीन प्रश्न. नाव ठेवलं घारपट्टी.

10 नोव्हेंबर

एकास दहा प्रमाणात छायाकृती काढल्या. पंखविस्तार म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं माप. पक्ष्यागणिक ते कमी-जास्त असतं, नर-मादीतही फरक असतो, म्हणून मधला आकडा धरला. घार 14 सेंटिमीटर. कावळा 8, कारण आकाशात घारीच्या मागे लागलेला कावळा ही फुकटची मोजपट्टी आहे. ब्राह्मणी घार 12. दलदली भोवत्या, म्हणजे मार्श हॅरियर, 12.5. कैकर, म्हणजे ऑस्प्रे, 16. मोठा ठिपकेवाला गरुड 17. समुद्र गरुड 20. बहिरी ससाणा 10, कापशी घार 8.5, खरूची, म्हणजे केस्ट्रेल हा लहान ससाणा, 7, शिक्रा 6.

हे फलकावर लावायच्या आधी वेगळंच करून पाहिलं. आमच्या दोन विंगांच्या गच्च्यांमधलं अंतर टेपने खाली जमिनीवर मोजलं, 30 मीटर भरलं. एकास दहाची आकृती 30 मीटरवर टांगली की ती 300 मीटरवरच्या खऱ्या पक्ष्याएवढीच दिसते. पुठ्ठ्यातून आकृत्या कापल्या, काळ्या रंगवल्या आणि समोरच्या विंगेच्या गच्चीवर तारेला अडकवल्या. या विंगेतून मुलांनी ओळखायच्या.

अनुभव असा: 14 आणि 16 सेंटिमीटरमधला फरक 30 मीटरवरून कुणालाही सांगता येत नाही. कैकर मोठा म्हणून ओळखू येत नाही, तो लांब अरुंद पंखांवरून ओळखू येतो. 6 आणि 14 मधला फरक मात्र लगेच कळतो. म्हणून आकाराचे फक्त तीन वर्ग ठेवले: कावळ्याएवढा किंवा लहान, घारीएवढा, घारीहून ठळक मोठा. बाकी सगळं ठेवणीवर.

17 नोव्हेंबर

वाऱ्याने पुठ्ठे फाडले, काही खाली पार्किंगमध्ये सापडले. आठवडा वाया गेला. आता 3 मिलिमीटरच्या सनबोर्डातून, म्हणजे फोमच्या कडक शीटमधून, कापल्या, शीट 280 रुपये, काळा स्प्रे 190. दोरीवर टांगल्या की गरगर फिरतात आणि कडेकडून पाहिल्यावर रेघ दिसते, म्हणून प्रत्येकीला दोन तारा, दोन बिंदूंवर. भोक पाडायचं नाही, तर तारेचे शेवट सिमेंट भरलेल्या रंगाच्या रिकाम्या डब्यांना बांधले. डबे वॉचमनकाकांनी भरून दिले.

आज सकाळी उंचावरून लहान ससाण्यांचा विरळ थवा दक्षिणेकडे गेला. निमुळते पंख, कावळ्याहून लहान. या दिवसांत अमूर ससाणे महाराष्ट्रावरून जातात. आशियाच्या ईशान्य भागातून नागालँड-मणिपूरला उतरतात, वाळवीवर पोट भरतात, मग द्वीपकल्प ओलांडून अरबी समुद्रावरून थेट सोमालियाकडे आणि पुढे दक्षिण आफ्रिकेत. नागालँडच्या दोयांग जलाशयापाशी 2012 साली जाळ्यांत धरून त्यांची मोठ्या प्रमाणात कत्तल झाली होती. गावकऱ्यांनी मनावर घेतलं आणि पुढच्याच वर्षी ती थांबली. मुलांना हे सांगताना मला भरून आलं. पण आमचा थवा नक्की त्यांचा होता का, ते खालून रंग न दिसल्यामुळे ठरवता आलं नाही. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर ‘ससाणा, जात अनिश्चित’ अशीच नोंद टाकली. अशी नोंद टाकायची सोय आहे, ती वापरावी. खोट्या खात्रीने भरलेली यादी पुढे अभ्यास करणाऱ्याला त्रास देते.

24 नोव्हेंबर

दिवा कोळीवाड्यातले एक नाखवा आमच्या वॉचमनकाकांचे स्नेही. त्यांना मुद्दाम गच्चीवर बोलावलं. त्यांनी सनबोर्डाच्या आकृत्यांकडे फारसं पाहिलं नाही, सरळ खाडीतल्या खुंटावर बसलेल्या पक्ष्याकडे बोट दाखवलं. मी म्हटलं, “नाखवा, ती घारच ना?”

“घार पान्यावरनं उचलते, ताई. ह्यो पान्यात घुसतो.”

दोन वाक्यांत कैकर आटोपला. घार पाण्याच्या वरच्या थरातलं मेलेलं, तरंगतं काही पायाने अलगद टिपते आणि अंग कोरडं ठेवते. कैकर हवेत थबकतो, पाय पुढे करून पाण्यात पडतो, अंग झाडत वर येतो आणि मासा तोंड पुढे करून आडवा नाही, सरळ नेतो, म्हणजे वारा कमी अडतो. त्याच्या पायाचं बाहेरचं बोट मागे वळतं, म्हणून बोयसारखा निसरडा मासा सुटत नाही. नाखवांच्या सांगण्यावरून फलकावर चौथा प्रश्न वाढवला: करतोय काय?

ब्राह्मणी घारीचा प्रश्नही आजच निकालात काढला. मोठी झालेली ब्राह्मणी घार तांबूस अंग आणि पांढरं डोकं यावरून कुणीही ओळखतं. तिचं पिल्लू मात्र तपकिरी असतं आणि साध्या घारीत बेमालूम मिसळतं. खूण शेपटीची. ब्राह्मणीची शेपूट गोल, कधीही खाच नाही, आणि पंख आखूड-रुंद. घारीने शेपूट पसरली की तीही खाचेविना दिसते, म्हणून पक्षी वळेपर्यंत थांबायचं. शेपूट पिळली आणि मिटली की खाच दिसतेच.

1 डिसेंबर

पक्ष्यांशी संबंध नाही, पण नोंद आवश्यक. शेजारच्या इमारतीतल्या एका बाईंनी तक्रार केली की गच्चीवरून दुर्बिणीने आमच्या खिडक्यांत बघतात. त्यांचं बरोबर आहे. दुर्बीण कुठे रोखली आहे ते समोरच्याला कळत नाही. त्यांना गच्चीवर बोलावून सगळं दाखवलं. कठड्यावर पांढऱ्या रंगाने दोन पट्टे ओढले, पश्चिमेचा आणि पूर्वेचा. दुर्बीण त्या पट्ट्यांच्या आतच आणि कठड्याच्या रेषेच्या वरच. ज्यांना हा उद्योग करायचा असेल त्यांनी हे पट्टे पहिल्याच दिवशी ओढावेत. बाईंची मुलगी पुढच्या रविवारपासून येते आहे.

15 डिसेंबर

पौर्णिमा. मुंबईच्या किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमेला भरती दुपारी बाराच्या सुमाराला चढते, खाडीत आत थोडी उशिरा. अष्टमीला उलट, दुपारी ओहोटी. कोळ्यांच्या बोलण्यात पहिलं उधाण, दुसरं भांग. पक्षी पाहणाऱ्याने कॅलेंडरवरची तिथी बघूनच बेत करावा. ऐन उधाणाला चिखल बुडतो, हजारो पाणपक्षी खारफुटीच्या कडेला दाटीवाटीने उभे राहतात आणि त्यांच्यावर भोवत्या फिरतो.

तसंच झालं. अकराच्या सुमाराला चिखलावरचे सगळे पक्षी एकदम उठले. तुतवार, गॉडविट, कुरव, सगळे पाणपक्षी. खारफुटीच्या शेंड्यांना लगटून एक तपकिरी पक्षी येत होता. चार झापा, मग लांब तरंग, आणि तरंगताना दोन्ही पंख वर उचलून धरलेले. मुलांनी एकसुरात घार म्हटलं, कारण माप घारीएवढंच आणि रंगही गडद. जवळ आल्यावर डोकं आणि गळा पिवळट पांढरा दिसला. दलदली भोवत्याची मादी.

चूक मुलांची नव्हती, फलकाची होती. माझ्या सगळ्या आकृत्या पक्षी बरोबर डोक्यावर आहे असं धरून खालून काढलेल्या. गच्चीवरून बघताना खाडीवरचा पक्षी समोरून किंवा मागून येतो, तेव्हा पंखांची रुंदी दिसतच नाही, दिसते ती फक्त रेघ. आणि ती रेघ वर वळली आहे की खाली, यातच सगळी ओळख आहे. संध्याकाळी बसून तारेच्या रेघा वाकवल्या, प्रत्येक पक्ष्याची समोरून दिसणारी ठेवण. घार: मनगटापासून जरा खाली. भोवत्या: उथळ ‘व्ही’. कैकर: मधे मोडलेला, पसरट ‘एम’. ठिपकेवाला गरुड: सपाट, टोकं खाली. समुद्र गरुड: ठसठशीत ‘व्ही’, पण आकाराने अवाढव्य. जाड जीआय तार, हार्डवेअरच्या दुकानात 110 रुपयांची. संपूर्ण प्रकल्पात सगळ्यात कमी पैशात सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली वस्तू हीच.

29 डिसेंबर

खाडीपलीकडच्या विजेच्या टॉवरवर मोठा काळपट पक्षी. बाजूलाच घार बसली, त्यामुळे माप आयतं मिळालं: घारीहून दीडपट भारी. उडाला तेव्हा रुंद, जवळजवळ समांतर कडांचे पंख, आखूड शेपूट, टोकाची पिसं बोटांसारखी फाकलेली. घारी आणि कावळे लगेच मागे लागले. मोठा ठिपकेवाला गरुड असा अंदाज केला, पण स्टेपी गरुड आणि भारतीय ठिपकेवाला गरुड त्याच्या फार जवळचे, म्हणून फोटोवर भिस्त ठेवली.

फोटोत नुसता काळा डाग आला. कॅमेरा उजळ आभाळाला भुलून सगळंच गडद करतो. एक्स्पोजर एक ते दीड टप्पा वाढवून ठेवायचं, आभाळ पांढरंफटक झालं तरी हरकत नाही. तसं केल्यावर तो परत टॉवरकडे वळला तेव्हाच्या फोटोत पंखाखाली, टोकाच्या पिसांच्या मुळाशी फिकट स्वल्पविराम दिसला आणि वरून शेपटीच्या मुळाशी पांढरी कमान. गडद, खालून पट्टे नसलेली उड्डाणपिसं. नाव पक्कं केलं. हा पक्षी जगभरात ‘असुरक्षित’ गणला जातो. रशिया-सैबेरियाच्या दलदलीच्या रानांतून येऊन तो हिवाळाभर आमच्या खाडीवर राहतो. ठाणे खाडी 2015 साली फ्लेमिंगो अभयारण्य झाली आणि 2022 मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आली. फ्लेमिंगोच्या नावाने राखलेल्या या चिखलावर असे गरुड जगतात. मुलांनी ही ओळ फलकाच्या कोपऱ्यात लिहायला लावली.

12 जानेवारी 2025

धुरकं. पारसिक दिसतच नाही, खाडीपलीकडचे टॉवरही पुसट. अकराला सोडून दिलं.

15 जानेवारी

काल संक्रांत. आज सकाळी इमारतीमागच्या झाडावर घार मांजात अडकून लोंबकळत होती. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने 2017 पासून देशभर बंदी घातलेली आहे, तरी हे होतं. वन विभागाच्या 1926 क्रमांकावर फोन केला. अग्निशमन दलाच्या शिडीने ती खाली उतरवली. मधल्या वेळात करायचं ते एवढंच: मांजा ओढायचा नाही, तो कापून तुकडे अंगावर तसेच ठेवायचे, डोक्यावर सुती कापड टाकायचं, अंधारात पक्षी शांत होतो, भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवायचं, पाणी पाजायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं. नख्यांपासून हात सांभाळायचे. उजव्या पंखाचा पडदा कापला गेला होता. उपचार केंद्रात नेली.

घार सगळीकडे दिसते म्हणून तिचं कुणाला काही वाटत नाही. आमच्या मुलांना वाटतं, कारण तिला त्यांनी महिनाभर न्याहाळलं आहे.

2 फेब्रुवारी

माझी भाची न्यू जर्सीत असते. तिने फलकाचे फोटो पाहून विचारलं, “मावशी, ही फाइल मला पाठव ना, इथे मुलांना घेऊन केप मेला जाणार आहोत.” केप मे म्हणजे अटलांटिकच्या कडेचं टोक, शरद ऋतूत दक्षिणेकडे निघालेले शिकारी पक्षी समुद्र टाळत किनाऱ्याने येतात आणि त्या टोकाशी गोळा होतात. पाण्यावर गरम हवेचे झोत नसतात, म्हणून जड पक्षी समुद्र ओलांडायचं टाळतात. काळा समुद्र आणि कॉकेशस पर्वत यांच्यामधल्या चिंचोळ्या फटीत, जॉर्जिया देशातल्या बातुमीला असंच होतं. तिथे दर हिवाळ्यापूर्वी दहा लाखांहून जास्त शिकारी पक्षी मोजले जातात.

फाइल पाठवायला बसले आणि लक्षात आलं की घारपट्टी तिथे चालणार नाही. तिथे घारच नाही. आकाशात रोज दिसणारा मोठा पक्षी टर्की गिधाड, पंखविस्तार 17 सेंटिमीटर आमच्या मापाने, आणि तो पंख वर उचलून, डुलत उडतो. आमच्याकडे उथळ ‘व्ही’ दिसला की भोवत्या. तिथे ‘व्ही’ दिसला तर बहुतेक वेळा गिधाड, आणि तिथला भोवत्याही ‘व्ही’च धरतो. म्हणजे खूण परदेशी नेता येत नाही, रीत नेता येते. तिला लिहिलं: आधी महिनाभर फक्त टर्की गिधाड बघा. मग तांबड्या शेपटीचा हॉक, 12.5, पंख बेताचे वर. पांढऱ्या डोक्याचा बाल्ड ईगल 20 च्या पुढे, पंख अगदी सपाट फळी. ब्रिटनमध्ये गेलात तर हेच काम तिथे नेहमी दिसणाऱ्या बझर्ड या शिकारी पक्ष्यावर करा.

कैकर मात्र दोन्हीकडे एकच जात. तिथे तो खांबांवर घरटं करतो, डीडीटी या कीटकनाशकाने अंड्यांची कवचं पातळ होऊन पार कमी झाला होता, 1972 च्या बंदीनंतर सावरला. आमच्याकडचा कैकर हिवाळी पाहुणा, घरटं नाही. भाचीच्या मुलाने फोनवर विचारलं, तोच पक्षी तिकडे येतो का? तोच नाही; अमेरिकेतले दक्षिण अमेरिकेकडे जातात, आमच्याकडचे उत्तर आशियातून येतात.

तिच्याकडून मला एक गोष्ट मिळाली. पेनसिल्व्हेनियातलं हॉक माउंटन 1934 साली रोझली एज यांनी राखलं, तोवर तिथे कड्यावर बसून माणसं ससाणे-गरुड गोळ्या घालून पाडत. तिथली गणना तासातासाने होते, सोबत वारा, ढग, दृश्यता लिहितात. आम्ही पण आता तासाचे रकाने पाडले. 12 जानेवारीसारख्या दिवशी पक्षी नव्हते की दिसत नव्हते, हे त्याशिवाय नंतर कळत नाही.

23 फेब्रुवारी

टाकीमागे पारव्याचे आणि एका गॉडविटचे अवशेष. दोन्ही पंख छातीच्या हाडाला जोडलेले तसेच, मांस साफ, हाडाच्या कडेला त्रिकोणी खाचा. मांजर पंख चावून तोडतं. असं स्वच्छ काम ससाण्याचं. पुढचे दोन दिवस वॉचमनकाकांनी लक्ष ठेवलं आणि तिसऱ्या दिवशी सकाळी फोन केला: “मॅडम, टाकीवर बसलाय, मिशीवाला.” बहिरी ससाणा. गालावरचा गडद मिशीसारखा पट्टा काकांनी फलकावरूनच पाठ केलेला. हा पक्षी सूर मारताना ताशी 300 किलोमीटरच्या पुढे जातो आणि त्याला उंच कडा लागतो. नवी मुंबईने त्याला कडे बांधून दिले आहेत. अवशेष हातमोजे घालून उचलले, फोटो काढून खड्ड्यात पुरले.

16 मार्च

शेवटचा फलक लावला. 5 मिलिमीटर सनबोर्ड, चार बाय तीन फूट, मॅट लॅमिनेशन. छपाई, लॅमिनेशन आणि लोखंडी घडीचा स्टँड मिळून 2,650 रुपये. छपाईवाल्याने फाइल कागदाला बसवण्यासाठी जरा लहान केली होती, त्यामुळे घार 14 ऐवजी 13.1 आली, पुन्हा छापून घ्यावी लागली. छापायला देताना फाइलमध्ये 10 सेंटिमीटरची रेघ घाला आणि दुकानातच पट्टीने मोजा.

मांडणी अशी: वरच्या ओळीत मधोमध घार, लाल चौकटीत. खाली तीन रकाने, लहान, घारीएवढा, मोठा. प्रत्येक पक्ष्याच्या दोन आकृत्या, खालून आणि समोरून, आणि शेजारी फिकट राखाडी रंगात घारीची रेषाकृती. रंग फक्त दोन ठिकाणी, ब्राह्मणी घार आणि भोवत्याची मादी, कारण ते उजेडात खरंच दिसतात. तळाशी चार प्रश्न. शिक्रा लहानांत पहिला, त्याच्या बाजूला पावशा, कारण पावशा पिसाऱ्याने शिक्र्यासारखाच असतो आणि येऊरच्या जंगलात गेलेली मुलं दर वेळी फसतात. चोच बघायची: शिक्र्याची आकडी, पावशाची सरळसर.

एकूण खर्च फसलेल्या फ्लेक्ससकट साडेचार हजारांच्या आत, दुर्बीण सोडून. तारेच्या ठेवणी आधी केल्या असत्या तर डिसेंबरपर्यंतचा वेळ वाचला असता.

6 एप्रिल

भोवत्ये निघून गेले, कैकर अजून एक आहे. काळ्या कानाच्या घारी दिसत नाहीत. गावठी घारींपैकी एका जोडीने नाल्यापलीकडच्या वर्षावृक्षावर घरटं केलं आहे, त्यात तारा, चिंध्या, प्लास्टिकची दोरी. मुलांनी तासाच्या रकान्यात पहिल्यांदा ‘घार, घरट्यावर’ असं लिहिलं.

फलकात राहिलेल्या उणिवा, पुढच्या छपाईसाठी: मधुबाज घालायचा आहे, बारीक मान आणि कबुतरासारखं लहान डोकं, पण त्याचे रंग इतके बदलतात की एक आकृती पुरणार नाही. पारसिकच्या बाजूचा सर्पगरुड वेगळ्या रकान्यात हवा, पंखाखालचा रुंद पांढरा पट्टा दाखवून. पावसाळ्यात फलक जिन्याखाली उभा ठेवायचा, आडवा नाही, आडवा ठेवला की सनबोर्ड बाक धरतो. सिमेंटचे डबे गच्चीवरच राहू देत. त्यांच्या खाली रबराचे तुकडे घाला, नाहीतर वॉटरप्रूफिंगवर गंजाचे डाग पडतात.